पॅकर्सच्या कोटेशनमधला ‘इन्शुरन्स ३%’ म्हणजे नक्की काय? (सोलापूर ते पुणे)

जुळेसोलापूरकर:

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात जुळे सोलापुरातलं बिऱ्हाड हलवून हडपसरला जायचंय. सामान २ बीएचकेचं: डबल डोअर फ्रीज, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, ५५ इंची टीव्ही, सागवानी कपाट, काचेचं डायनिंग टेबल, दिवाण, भांडी-पुस्तकांची चाळीसेक खोकी आणि एक स्कूटर. स्कूटर सोडून सगळं धरलं तर आजच्या भावाने पाच लाखांच्या घरात जातं. इथलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

तीन जणांचे आकडे आलेत.

पहिला: भाडं १८,०००, पॅकिंग आणि हमाली ९,०००, वर ‘इन्शुरन्स ३%’ म्हणून १५,०००.
दुसरा: सगळं मिळून २४,०००, आणि ‘एफओव्ही १.५%’ म्हणजे ७,५०० वेगळे.
तिसरा मार्केट यार्डाकडचा ओळखीचा टेम्पोवाला: १४,००० रोख. “काही फुटत नाही ओ, आपलीच पोरं हायत.”

पहिल्याला म्हटलं इन्शुरन्स नको, तर म्हणतो मग फुटलं-तुटलं तर आमची काडीचीही जबाबदारी नाही. हे खरं का? एफओव्ही काय भानगड आहे? जिन्यातून उतरवताना फ्रीज सुटला तर कोण भरून देणार? आणि स्कूटरचाही विमा यांच्याकडूनच घ्यायचा का?

---

बिल्टी_वाचक:

पहिल्याचं म्हणणं साफ खोटं आहे. वाहतूकदाराची जबाबदारी ही एक गोष्ट आणि विमा ही दुसरी. पहिली कायद्याने आपोआप येते, दुसरी विकत घ्यावी लागते. दोन्हींची मुद्दाम सरमिसळ करून सांगितलं की गिऱ्हाईक घाबरून तीन टक्के मोजतं.

भाडं घेऊन कोणाचाही माल रस्त्याने नेणाऱ्याला ‘कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७’ लागू होतो. हा कायदा १ मार्च २०११ पासून अमलात आला. त्याआधी १८६५ चा इंग्रजांच्या काळातला कॅरिअर्स अ‍ॅक्ट होता. तुमच्या कामाच्या गोष्टी एवढ्या:

माल गहाळ झाला किंवा खराब झाला, तर वाहतूकदाराने हलगर्जी केली हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. ताब्यात दिला तेव्हा माल धड होता आणि पोचला तेव्हा नव्हता, एवढं दाखवलं की पुरे. पुढचा खुलासा त्याने करायचा. नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती किंवा मनाई अशी थोडी कारणं त्याला सोडवू शकतात. ‘रस्ता खराब होता’ आणि ‘ड्रायव्हरने अचानक ब्रेक मारला’ ही त्या यादीत नाहीत.

मात्र या जबाबदारीला मर्यादा आहे आणि ती कोणी सांगत नाही. २०११ च्या नियमांप्रमाणे नुकसानभरपाई भाड्याच्या दहा पटीपर्यंत, आणि तीही तुम्ही लिहून दिलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त नाही. म्हणजे बिल्टीवर (वाहतूकदार माल घेताना फाडतो ती पावती) भाडं १८,००० आणि किंमत ५ लाख असेल, तर अख्खा ट्रक जळाला तरी जास्तीत जास्त १,८०,०००. किंमत १ लाख लिहिली असेल तर १ लाखच.

आता दुसऱ्याचं ‘सगळं मिळून २४,०००’ बघा. बिल्टी फाडताना तो भाड्याच्या रकान्यात ८,००० लिहील आणि बाकीचे पॅकिंग, हमाली, सर्व्हिस चार्ज म्हणून बिलात टाकील. उद्या वाद झाला की म्हणेल भाडं आठ हजार, दहा पट म्हणजे ऐंशी हजार. काही जण तर रकान्यात ‘अ‍ॅज अ‍ॅग्रीड’ लिहून मोकळे होतात. भाड्याचा आकडा बिल्टीवर अंकात आणि अक्षरात लिहून घ्या, रकाना कोरा ठेवू देऊ नका.

मर्यादा वाढवायचीही सोय कायद्यात आहे. जास्त जोखमीचा दर भरायचं तुम्ही लेखी कबूल केलंत तर वाहतूकदाराची जबाबदारी त्या प्रमाणात वाढते. इथेच तुमचा एफओव्ही येतो. फ्रेट ऑन व्हॅल्यू, म्हणजे मालाच्या किमतीवर टक्केवारीने लावलेला आकार. हा विमा नव्हे. पैसे वाहतूकदाराच्याच खिशात जातात आणि भरपाईही त्यानेच द्यायची. त्याच्या बदल्यात बिल्टीवर ‘कॅरिअर्स रिस्क’ (जोखीम वाहतूकदाराची) आणि जाहीर किंमत ५,००,००० असं लिहून देत असेल, तर त्या साडेसात हजारांना अर्थ आहे. एफओव्ही घेऊनही बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’चा शिक्का मारत असेल, तर ते पैसे फुकट गेले समजा.

त्या शिक्क्याला फार भिऊ नका, तेही सांगतो. ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापल्याने हलगर्जीची जबाबदारी सुटत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००० सालीच म्हटलंय. पण शिक्का असलेल्या बिल्टीवर भांडण लांबतं. म्हणून माल चढायच्या आधीच तो खोडून घ्यावा आणि शेजारी सही घ्यावी.

एक तारीख डोक्यात ठेवा: दावा लावण्याआधी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. माल पोचल्यापासून नाही, बुकिंगपासून. पुण्यातलं घर तयार नाही म्हणून सामान चार महिने पॅकर्सच्या गोडाऊनला पडून असेल, तर यातले बरेच दिवस तिथेच संपतात.

---

विमा_टेबल:

वरचं बरोबर आहे. मी फक्त विम्याच्या बाजूचं लिहितो.

पॅकर्सवाला विमा कंपनी नाही. तो फार तर विमा कंपनीकडून घेतलेली पॉलिसी तुम्हाला लागू करून देऊ शकतो. म्हणून ‘इन्शुरन्स ३%’ ऐकलं की पहिला प्रश्न हा: कुठल्या कंपनीची, पॉलिसी नंबर काय, आणि सर्टिफिकेट माझ्या नावावर गाडी हलायच्या आधी मिळणार का? यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नसेल तर तो विमा नाही, नुसता बिलातला एक रकाना आहे.

पॅकर्सकडे साधारण तीन प्रकार असतात.

एक, ओपन पॉलिसी. मोठ्या पॅकर्सनी वर्षभरासाठी एक मोठी रक्कम घेऊन ठेवलेली असते आणि दर गाडीमागे त्यातून सर्टिफिकेट निघतं. हे चालतं, पण सर्टिफिकेटवर विमाधारक म्हणून तुमचं नाव, सोलापूर ते हडपसर, गाडी नंबर, बिल्टी नंबर, तारीख आणि विमा रक्कम हे सगळं हवं.

दोन, वाहतूकदाराच्या कायदेशीर जबाबदारीचा विमा. हा त्याच्या संरक्षणासाठी असतो. त्याची जबाबदारी ठरली तरच आणि ठरेल तेवढ्यापुरताच पैसा देतो, म्हणजे पुन्हा ती दहा पटीची मर्यादा आलीच. कागद दाखवताना बरेच जण हाच दाखवतात, कारण त्यावर विमा कंपनीचं नाव आणि शिक्का खराखुरा असतो.

तीन, काहीच नाही.

सर्टिफिकेट हातात आलं की त्यावरचा नंबर घेऊन विमा कंपनीच्या टोल फ्रीवर फोन करा. फोन नंबर कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या, सर्टिफिकेटवर छापलेला नको. पाच मिनिटांचं काम आहे.

आता विमा नेमका कशाचा, ते. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात इनलँड ट्रान्झिट क्लॉज ए, बी, सी असे तीन वर्ग आहेत. सी म्हणजे फक्त आग आणि वीज. बी म्हणजे आग, वीज, पूल कोसळणं, गाडीची टक्कर किंवा गाडी उलटणं. ए म्हणजे वगळलेल्या गोष्टी सोडून बाकी सगळं. स्वस्तात मिळालेला विमा बहुतेक वेळा बी निघतो, आणि घरसामानाचं जे नुकसान एरवी होतं ते बी मध्ये बसतच नाही. दोरी सैल पडून कपाट टीव्हीवर घसरलं, ताडपत्री फाटून गाद्या भिजल्या, खोकं दबून भांडी फुटली, यात गाडी उलटली कुठे? भिगवणजवळ ट्रक कलंडला तरच बी कामाला येईल. म्हणून विचारताना ‘ट्रान्झिट इन्शुरन्स आहे का’ असं विचारू नका, ‘ए आहे का बी’ असं विचारा.

ए मध्येही वापरलेल्या सामानासाठी कंपन्या अटी घालतात. ओरखडे, पोचे, टवके वगळलेले असतात. बाहेरून काही झालं नाही पण यंत्र सुरूच होत नाही, हेही वगळलेलं असतं. टीव्हीचा पडदा तडकला तर दिसतो, दावा उभा राहतो. टीव्ही दिसायला ठणठणीत आणि चालू केल्यावर उभ्या रेषा, तर दावा बहुधा नाकारतात. दंगल-संपाचं संरक्षण वेगळा हप्ता भरून जोडावं लागतं. उशीर झाल्याचं नुकसान कुठेच मिळत नाही.

आणि सगळ्यात जास्त दावे जिथे अडतात ते कलम: अपुरं किंवा अयोग्य पॅकिंग. फ्रंट लोड मशीनचं उदाहरण घ्या. नवीन आणताना पाठीमागे तीन-चार लांब बोल्ट असतात, ते ड्रमला जखडून ठेवतात. बसवणारा माणूस ते काढून पिशवीत देतो आणि आपण ती पिशवी माळ्यावर टाकतो. ते न लावता मशीन ट्रकमध्ये चढवलं की अडीचशे किलोमीटर ड्रम आत हिंदकळत जातो, सस्पेन्शन तुटतं आणि विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणारा सर्व्हेअर लिहितो ‘नॉट सिक्युअर्ड’. ती पिशवी आजच शोधा. सापडली नाही तर सर्व्हिस सेंटरला मॉडेल नंबर सांगून बोल्ट मागवा. टीव्ही उभाच न्यायचा, मूळ खोकं नसेल तर चारही कोपऱ्यांना थर्माकोल आणि बाहेरून लाकडी चौकट करून घ्यायची. टेबलाची काच फ्रेमवरून काढून वेगळी, उभी, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावून.

हप्त्याचं गणित: पाच लाखांवर तीन टक्के म्हणजे १५,०००, ते १८% जीएसटीसह की शिवाय हे विचारा. विमा कंपनीचा खरा हप्ता यापेक्षा बराच कमी असतो, मधला फरक पॅकर्सचा. सरकारी विमा कंपनीच्या शाखेत किंवा एजंटकडे ‘मरीन इनलँड ट्रान्झिट, सिंगल ट्रिप, वापरलेलं घरगुती सामान’ असं स्पष्ट सांगून दर काढा. नुसतं ‘सामानाचा विमा’ म्हटलं की घराच्या विम्याचा फॉर्म पुढे करतात. घराच्या विम्यात सामान त्या पत्त्यावर असेपर्यंतच सुरक्षित, गाडीत चढलं की नाही. एकट्यादुकट्या घरसामानाची पॉलिसी द्यायला काही शाखा नाखूश असतात, त्यामुळे महिनाभर आधी विचारलेलं बरं.

---

शेळगी_नाका:

टेम्पोवाल्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. नवी पेठेतून जुळे सोलापूरला जायचं असतं तर मीच म्हटलं असतं की चौदा हजारवाला घ्या, टीव्ही मांडीवर धरून न्या, विमा-बिमा काही नको. पण पुण्याला न्यायचं तर त्याच्याकडून निदान तारीख, गाडी नंबर, भाडं आणि सामानाची यादी असलेल्या कागदावर सही घ्या, आणि पैसे यूपीआयने द्या. रोख आणि बिनापावती म्हणजे उद्या ‘मी यांना ओळखत नाही’ म्हणायला तो मोकळा. कायद्याने त्यालाही माल सांभाळूनच न्यावा लागतो, पण कागदच नसेल तर कोणता कायदा कोणाला लावणार?

बाकी मला वाटतं पाच लाखांचा विमा काढायची गरज नाही. फ्रीज, टीव्ही, मशीन एवढ्याचा दोन लाखांचा काढा, भांडी आणि गाद्यांना काय होतंय.

---

विमा_टेबल:

@शेळगी_नाका, कल्पना चांगली पण लिहायची पद्धत चुकली तर अंगाशी येते.

‘घरगुती सामान, एकूण विमा २,००,०००’ असं मोघम लिहिलं आणि गाडीत माल पाच लाखांचा निघाला, तर तो अर्धवट विमा ठरतो. उरलेल्या तीन लाखांचे विमाधारक तुम्हीच, असं धरतात. मग ४०,००० चा टीव्ही पूर्ण गेला तरी मिळणार दोन पंचमांश, १६,०००. त्यातून दर दाव्यामागे सोसायची ठरावीक रक्कम वजा.

याउलट ‘फक्त यादीतील वस्तूंचा विमा’ असं पॉलिसीत लिहून घेतलं आणि यादीत फ्रीज, टीव्ही, मशीन, कपाट प्रत्येकी पूर्ण किमतीने दाखवलं, तर त्या वस्तूंचा दावा पूर्ण किमतीवर चालतो. यादीत नसलेल्या वस्तूंना मात्र शून्य.

यादीचे रकाने: अनुक्रमांक, वस्तू, मेक आणि मॉडेल, सिरियल नंबर, खरेदीचं वर्ष, आजची किंमत, आधीपासूनचे डाग-ओरखडे. शेवटचा रकाना लोक टाळतात, पण सर्व्हेअरचा विश्वास त्यानेच बसतो. किंमत आजचीच लिहा. तीन वर्षांपूर्वी ४८,००० ला घेतलेल्या टीव्हीचे आज ४८,००० लिहिले तर हप्ता त्यावर जाईल आणि दावा घसारा वजा करूनच मिळेल. खोक्यांना ‘भांडी’ एवढंच लिहू नका, ‘खोकं १४: स्टीलची भांडी, खोकं १५: काचेचा डिनर सेट, २७ नग’ असं लिहा. दागिने, रोकड, मूळ कागदपत्रं कुठल्याच यादीत घालू नका, विम्यात चालत नाहीत. ती स्वतःबरोबर न्यायची. इन्व्हर्टरची बॅटरीही ट्रकमध्ये इतर सामानात नको, आडवी झाली की अ‍ॅसिड गळतं आणि ज्या गाद्या जळतात त्यांचा दावा बसत नाही.

---

जुळेसोलापूरकर:

बापरे, एवढं असतं यात! पहिल्याला फोन केला. म्हणतो आमची ओपन पॉलिसी आहे, सर्टिफिकेट माल पोचल्यावर व्हॉट्सअ‍ॅप करतो. वर म्हणतो काचेचा डिनर सेट तुम्हीच भरून ठेवा, पॅकिंगचे पैसे वाचतील. जिन्याचा प्रश्न विचारला तर “त्याची काळजी करू नका.”

---

बिल्टी_वाचक:

पोचल्यावर सर्टिफिकेट म्हणजे काही झालं नाही तर हप्ता खिशात, काही झालं तर ‘बघू’. नको म्हणा. सर्टिफिकेट आधी, पैसे नंतर.

डिनर सेट त्यांच्याकडूनच भरून घ्या. तुम्ही भरलेल्या खोक्यावर ते ‘ओनर पॅक्ड’ लिहितात आणि आतलं आम्हाला माहीत नाही म्हणून हात वर करतात. कपडे, पुस्तकं, स्टील तुम्ही भरा, फुटणारं सगळं त्यांनी. पुस्तकांसाठी लहान खोकी, एका माणसाला सहज उचलता येतील अशी. जड खोक्याचा तळ सुटतो आणि ते खाली कशावर पडतं हे आपल्या हातात नसतं.

जिन्याबद्दल. वाहतूकदाराची जबाबदारी ट्रकची फळी लागल्यावर नव्हे, माल त्याच्या ताब्यात गेल्यापासून सुरू होते. म्हणून यादीवर सुपरवायझरची सही पहिला नग दाराबाहेर पडायच्या आधी घ्यायची. पाठीमागच्या वायरिंगसकट प्रत्येक मोठ्या वस्तूचा फोटो, फ्रीज आणि टीव्ही चालू असतानाचा व्हिडिओ त्याच वेळी. विम्यात मात्र जिना येतो की नाही हे पॉलिसीतल्या ‘विमा कधी सुरू, कधी बंद’ या कलमावर आहे. काही पॉलिसी माल घरातून निघाल्यापासून धरतात, काही गाडीत चढल्यापासून. चढवणं-उतरवणं समाविष्ट आहे असं स्पष्ट लिहिलेलं दिसलं पाहिजे. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही म्हटल्यावर हे कलम तुमच्यासाठी भिगवणच्या ट्रक उलटण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

दुसऱ्याला फोन करून हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या: कॉमन कॅरिअर (भाडं घेऊन कोणाचाही माल नेणारा) म्हणून नोंदणी क्रमांक काय? जीएसटी क्रमांक काय? (जीएसटीच्या वेबसाइटवर टाकून नाव जुळतं का बघा, नामांकित कंपनीच्या नावात एक अक्षर फिरवून धंदा करणारे बरेच आहेत.) बिल्टीवर भाडं किती लिहिणार? एफओव्ही घेतल्यावर ‘कॅरिअर्स रिस्क’ लिहून देणार का? गाडी बंद बॉडीची आहे का, आणि वाटेत दुसऱ्या गाडीत माल बदलणार का?

शेवटचा प्रश्न गंमत म्हणून नाही. सोलापूर-पुणे भाड्याला अर्धी गाडी भरली की दुसऱ्याचं सामानही त्यातच टाकतात, पुण्याबाहेर कुठल्या तरी गोडाऊनला उतरवतात आणि छोट्या गाडीतून घरी पाठवतात. दोन वेळा जास्त चढ-उतार, शिवाय खोक्यांची अदलाबदल. अख्खी गाडी तुमचीच असेल तर तसं बिल्टीवर लिहून घ्या.

ई-वे बिलाचे (जीएसटीखाली माल नेताना काढायचा ऑनलाइन कागद) वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही.

---

पोच_पावती:

माल उतरताना काय करायचं हे राहिलंय, आणि दावे निम्मे तिथेच मरतात.

हमाल घाईत असतात, ड्रायव्हर पोच पावतीवर ‘गुड कंडिशन’ खाली सही मागतो. सही करण्याआधी नग मोजा, यादीशी जुळवा. खोकं दबलेलं, भिजलेलं, टेप फाटलेलं दिसलं तर पावतीवरच लिहा: ‘खोकं क्र. १५ दबलेलं, आत फुटल्याचा आवाज. टीव्हीचा पडदा उजव्या कोपऱ्यात तडकलेला. एकूण ४६ पैकी ४५ नग मिळाले. बाकी सामान तपासणीच्या अधीन स्वीकारले.’ खाली तारीख, वेळ, ड्रायव्हरची सही. तो सही देत नसेल तर त्याच्या प्रतीवर लिहिलेल्या शेऱ्याचा फोटो काढा. कोरी सही झाली की ‘धड पोचलं होतं, नंतर तुम्हीच फोडलं’ हे त्याचं उत्तर तयार असतं.

फुटकी वस्तू आणि तिचं पॅकिंग फेकू नका. सर्व्हेअरला दोन्ही बघायचं असतं, नुसता फोटो पुरत नाही. खोकी उघडताना सलग व्हिडिओ काढा.

त्याच दिवशी विमा कंपनीला फोन आणि ईमेल, पॉलिसी नंबर, बिल्टी नंबर आणि अंदाजे नुकसानीचा आकडा देऊन. त्याच बरोबर वाहतूकदाराला लेखी दावा, स्पीड पोस्टाने, रकमेसह. विमा असताना हे दुसरं पत्र कशाला, असं वाटतं. पण विमा कंपनी तुम्हाला पैसे दिल्यावर ते वाहतूकदाराकडून वसूल करण्याचा हक्क तिच्याकडे जातो. तुम्ही नोटीस न देता तो हक्क घालवलात तर कंपनी तुमच्या दाव्यात कपात करते किंवा तो नाकारते. बिल्टीच्या मागे बारीक अक्षरांत ‘२४ तासांत तक्रार न केल्यास जबाबदारी नाही’ छापलेलं असतं. कायद्यातली १८० दिवसांची मुदत त्याने बुडत नाही, तरी वाद नको म्हणून पहिलं पत्र २४ तासांतच टाका.

कागद लागतात ते: पॉलिसी किंवा सर्टिफिकेट, बिल्टी, शेरा असलेली पोच, किमतीची यादी, असतील ती खरेदीची बिलं, फोटो, दुरुस्तीचं अंदाजपत्रक, वाहतूकदाराला दिलेल्या पत्राची प्रत आणि पोस्टाची पावती, क्लेम फॉर्म, रद्द केलेला चेक. चोरी किंवा अपघात असेल तर एफआयआर. वाहतूकदाराकडून ‘डॅमेज सर्टिफिकेट’ही मागतात. तो देत नाही, म्हणून पावतीवरचा शेरा एवढा जपायचा.

माल पोचला आणि घराची किल्ली मिळाली नाही म्हणून गोडाऊनला ठेवला, तर विमा अमर्याद चालू राहत नाही. इनलँड ट्रान्झिटच्या नेहमीच्या अटीत गाडी त्या गावात पोचल्यापासून सात दिवस, किंवा माल घरी पोचेपर्यंत, जे आधी होईल ते. त्यापुढे साठवणुकीचा वेगळा विमा लागतो.

ऐकलं नाही तर: पॉलिसी तुमच्या नावावर असेल तर आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, महिनाभरात समाधान झालं नाही की विमा लोकपालाकडे, वर्षाच्या आत. सोलापूर पुण्याच्या लोकपालाच्या हद्दीत येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंत निवाडा देता येतो. पॅकर्सविरुद्ध ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. बिल्टीवर ‘दिल्ली न्यायक्षेत्र’ छापलं असलं तरी २०१९ च्या ग्राहक कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंदवून बघा, काही पॅकर्स तेवढ्यानेच जागे होतात. ट्रक दारात उभा करून ‘आणखी दहा हजार द्या, मग उतरवतो’ म्हणणाऱ्यासाठी मात्र १९१५ नाही, थेट पोलीस.

---

गियरबॉक्स_अशोकचौक:

स्कूटरचं कोणीच सांगितलं नाही.

आधी तुमची पॉलिसी काढून बघा. ओन डॅमेज असेल, म्हणजे ज्याला लोक फुल इन्शुरन्स म्हणतात, तर गाडी रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेताना होणारं नुकसान त्यातच धरलेलं असतं. पॅकर्सला स्कूटरच्या किमतीवर वेगळे टक्के द्यायची गरज नाही. नुसतं थर्ड पार्टी असेल तर ट्रकमध्ये पडलेल्या स्कूटरचा एक रुपया मिळणार नाही. तेव्हा मात्र ट्रान्झिटच्या यादीत ती नंबरसह घाला.

ओन डॅमेजमधून दावा केला तर नो क्लेम बोनस जातो, आणि झिरो डेप (घसारा न कापण्याची जोड) नसेल तर प्लास्टिकच्या पार्टवर निम्मा घसारा कापतात. स्कूटरला मार लागतो तो बहुतेक प्लास्टिकलाच. आरसा आणि साइड पॅनलच्या हजार-दोन हजारांसाठी विमा कंपनीकडे न जाता पॅकर्सकडून बिलातून वजा करून घेतलेलं परवडतं, म्हणून शेवटचे काही हजार माल उतरून तपासेपर्यंत हातात ठेवायचं आधीच ठरवून घ्या.

चढवायच्या आधी पेट्रोल जवळजवळ रिकामं करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, आरसे काढा. मेन स्टँडवर उभी करून हँडल आणि मागचा कॅरिअर दोन्हीकडून पट्ट्याने बांधायची, सुतळीने नाही. ओडोमीटर, चारही बाजू आणि इंजिन-चासी नंबरचे फोटो. आरसी आणि पॉलिसीची झेरॉक्स ड्रायव्हरकडे, मूळ कागद तुमच्याकडे. किल्ली ड्रायव्हरला देऊ नका, हँडल लॉक न करता गाडी ढकलत चढवता येते.

---

जुळेसोलापूरकर:

स्कूटरला फुल इन्शुरन्स आहे, तो खर्च वाचला. मशीनचे बोल्ट माळ्यावर सापडले, तीनच आहेत, चौथ्याचं भोक मात्र दिसतंय. दुसरा पॅकर्सवाला ‘कॅरिअर्स रिस्क’ लिहून द्यायला तयार झालाय, पण बिल्टीवर भाडं १०,००० च्या वर दाखवणार नाही म्हणतो. मग किमतीच्या रकान्यात पाच लाख आले तर चालेल ना?

---

बिल्टी_वाचक:

चालेल, पण एक ओळ जास्त हवी. नुसती किंमत पाच लाख आणि भाडं दहा हजार असेल तर दहा पटीचा नियम लागून एक लाखावर अडकाल. बिल्टीवर हे वाक्य घ्या: ‘जाहीर किंमत रु. ५,००,००० वर जादा जोखीम दर १.५% प्रमाणे रु. ७,५०० आकारला, वाहतूकदाराची जबाबदारी जाहीर किमतीपर्यंत.’ साडेसात हजारांची पावतीही त्याच नावाने, ‘विविध खर्च’ म्हणून नाही. हे लिहून देत असेल तर घ्या. नसेल तर एफओव्ही देऊ नका, तेच पैसे स्वतः काढलेल्या ए क्लॉजच्या पॉलिसीत घाला.

चौथा बोल्ट मॉडेल नंबरवर सर्व्हिस सेंटरला मिळतो. तीन लावून पाठवू नका.